वादळानं नेलं, शाळेनं आणलं

मुलांनो, अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? न्यूयॉर्कच्या उंचच उंच इमारती, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, डिस्नेलँड, नाही तर हॉलिवूड! कुणाचा काका न्यू जर्सीला असतो, कुणाची मावसबहीण कॅलिफोर्नियात. त्यांच्या फोटोंमध्ये आपण जी अमेरिका पाहतो ती बहुतेक वेळा या किंवा त्या समुद्रकिनाऱ्याची असते. पण या दोन किनाऱ्यांच्या मध्ये एक भलीमोठी अमेरिका पसरलेली आहे. तिला म्हणतात 'मिडवेस्ट'. १२ राज्यांचा हा मुलूख. गव्हाची, मक्याची, सोयाबीनची शेतं, सरळसोट रस्ते आणि मैलोगणिक विखुरलेली लहान लहान गावं. आज आपण त्यातल्याच एका गावात जाणार आहोत.

गावाचं नाव ग्रीन्सबर्ग, राज्य कॅन्सस. जमीन इतकी सपाट, की लांबवर उभी असलेली धान्याची कोठारं आधी दिसतात आणि गाव नंतर. २००० सालच्या जनगणनेत इथे १,५७४ माणसं होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेतसुद्धा याहून जास्त मुलं असतात, नाही का? पण ग्रीन्सबर्ग म्हणजे कायोवा काउंटीचं मुख्य ठिकाण बरं का! आपल्या भाषेत सांगायचं तर तालुक्याचं गाव. कचेरी तिथे, दवाखाना तिथे, मोठी शाळाही तिथेच.

'ग्रीन' म्हणजे हिरवं, म्हणून हे हिरवं गाव असेल असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. फार पूर्वी त्या भागात घोडागाड्यांची ने-आण करणारे ग्रीन नावाचे एक गृहस्थ होते. 'कॅननबॉल' म्हणजे 'तोफेचा गोळा' हे त्यांचं टोपणनाव. त्यांच्यावरून गावाला हे नाव पडलं. पण थांबा, हे 'हिरवं' प्रकरण पुढे परत येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

या गावात पाहण्यासारखं काय होतं? एक विहीर! हसू नका. ही विहीर १८८७-८८ साली कुदळ-फावड्यांनी, माणसांच्या हातांनी खणली. खोली १०९ फूट, म्हणजे जवळजवळ दहा मजल्यांएवढी आणि रुंदी ३२ फूट. आतून सगळी दगडांनी बांधून काढलेली. तेव्हा आगगाडीची इंजिनं वाफेवर चालायची, त्यांना पाणी लागायचं आणि गावालाही लागायचं. १९३२ पर्यंत गाव या विहिरीचं पाणी प्यालं. पुढे ती पर्यटकांसाठी खुली झाली. लोक पायऱ्या उतरून तळापर्यंत जायचे. शेजारीच आकाशातून पडलेला एक दगड, म्हणजे उल्का, मांडून ठेवली होती. वजन म्हणाल तर साडेचारशे किलोंच्या आसपास!

आता तिथली मुलं कशी राहतात ते पाहू. त्या भागातल्या लहान गावांचं जगणं साधारण सारखंच असतं. सकाळी पिवळी बस शेताशेतावरच्या घरांतून मुलं गोळा करत येते. एखाद्या मुलाला घर ते शाळा तास-तासभर बसमध्ये बसावं लागतं. शेतकऱ्याच्या मुलांना कॅन्ससमध्ये चौदाव्या वर्षीच शेतीच्या कामासाठी गाडी चालवायचा परवाना मिळू शकतो. (लगेच बाबांच्या गाडीच्या किल्लीकडे बघू नका! कायदा तिथला आहे, इथला नाही.) जूनमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की घरातल्या कुणालाच फुरसत नसते. मोठी माणसं कापणी यंत्रावर, मुलं ट्रकवर आणि आजी डबे घेऊन बांधावर.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा फुटबॉलचा सामना असतो. हा त्यांचा फुटबॉल, हातात धरून पळायचा. त्यात एका संघात अकरा खेळाडू लागतात. पण लहान गावातल्या शाळेत अकरा मुलं आणायची कुठून? मग त्यांनी काय केलं ठाऊक आहे? आठ-आठ जणांचा फुटबॉल सुरू केला! मुलं कमी म्हणून खेळ बंद नाही केला, खेळच थोडा लहान केला. सामन्याला सगळं गाव लोटतं. ज्यांची मुलं शाळा सोडून वीस वर्षं झाली तेही येतात.

उन्हाळ्यात काउंटीची जत्रा भरते. तिथे 'फोर-एच' नावाच्या मंडळातली मुलं आपण वाढवलेली वासरं, कोंबड्या, डुकरं घेऊन येतात. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजीतली पहिली अक्षरं 'एच', म्हणून नाव फोर-एच. वर्षभर पहाटे उठून त्या वासराला खाऊ घालायचं, धुवायचं, चालायला शिकवायचं आणि मग परीक्षकांपुढे उभं करायचं.

आणखी एक गंमत म्हणजे 'पॉटलक'. नाव परकं, पण प्रकार आपल्या ओळखीचा. आपली अंगतपंगत हो! प्रत्येक घरानं एक एक पदार्थ करून आणायचा, एका लांब टेबलावर मांडायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. कुणाच्या घरी कुणी वारलं, कुणी आजारी पडलं, की शेजारणी न सांगता मोठ्या पसरट भांड्यात रांधलेलं जेवण आणून दारात ठेवतात. आग लागली तर विझवायला पगारी माणसं नसतात. दुकानदार, मास्तर, शेतकरी हेच स्वयंसेवक. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून बंबाकडे धावायचं. गावात माणसंच थोडी, तेव्हा 'दुसरा कुणी करेल' असं म्हणायची सोयच नाही.

भोंग्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. या मुलखात भोंगा आणखी एका कामासाठी असतो, तो म्हणजे टोर्नाडोचा इशारा द्यायला.

उन्हाळ्यात मैदानावर धूळ आणि पाचोळा गरगर फिरवणारी वावटळ तुम्ही पाहिली असेल. टोर्नाडो म्हणजे तिची अक्राळविक्राळ थोरली बहीण समजा. मात्र तिचा जन्म वेगळ्या तऱ्हेनं होतो. वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखाताकडून गरम, दमट हवा येते. पश्चिमेच्या रॉकी पर्वताकडून कोरडी, थंड हवा येते. मधल्या सपाट मैदानावर दोघींची गाठ पडते आणि प्रचंड गडगडाटी ढग तयार होतात. जमिनीलगतचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा असेल, तर तो ढगच फिरायला लागतो. त्यातून कधी कधी सोंडेसारखा भोवरा जमिनीवर उतरतो. वाटेत येईल ते उचलतो, पिळतो, फेकतो. माणसं बहुतेक करून वाऱ्यानं मरत नाहीत, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या फळ्या, काचा आणि पत्रे लागून मरतात. म्हणून तिथल्या पुष्कळ घरांना तळघर असतं. भोंगा झाला की तळघरात जायचं. तळघर नसेल तर घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या खोलीत. शाळेत याची कवायत होते. मुलं वर्गाबाहेरच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसतात, मान दोन्ही हातांनी झाकून घेतात. अशी कवायत वर्षातून कित्येकदा होते, म्हणून मुलांना तिचा कंटाळाही येतो.

आता ४ मे २००७ या दिवसाकडे येऊ. शुक्रवार होता. रात्री डॉज सिटीच्या हवामान कार्यालयातल्या माणसांना रडारवर एक भयंकर भोवरा ग्रीन्सबर्गकडे सरकताना दिसला. त्यांनी लागलीच इशारा दिला. गावातले भोंगे वाजू लागले. वादळ यायला सुमारे वीस मिनिटं होती. वीस मिनिटं म्हणजे किती? टीव्हीवरची एक मालिका. पण तेवढ्या वेळात गाव तळघरांत उतरलं. मुलांना, म्हाताऱ्यांना, कुत्र्या-मांजरांना घेऊन.

रात्री पावणेदहाच्या सुमाराला वादळ गावावर आलं. रुंदी पावणेतीन किलोमीटर, म्हणजे गावापेक्षाही रुंद! वाऱ्याचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. टोर्नाडोची ताकद शून्य ते पाच अशा आकड्यांत मोजतात. ही सुधारलेली मोजपट्टी त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली होती आणि तिच्यावर पाच आकडा गाठणारं पहिलंच वादळ हे.

लोक तळघरांतून वर आले तेव्हा वर घरच नव्हतं. शंभरातल्या पंचाण्णव इमारती गेल्या. शाळा गेली, दवाखाना गेला, बंबाची इमारत गेली, पाण्याची टाकी गेली. धान्याचं उंच कोठार आणि काउंटीची कचेरी तेवढी उभी राहिली. या वादळानं अकरा जणांचा जीव घेतला. फार वाईट झालं. पण जिथे जवळजवळ एकही घर धड राहिलं नाही, तिथे बाकीचे शेकडो लोक वाचले, ते भोंग्यामुळे, तळघरांमुळे आणि त्या कंटाळवाण्या कवायतींमुळे.

आता खरा प्रश्न पुढे आला. हे गाव पुन्हा बांधायचं का?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? बांधायचंच! पण मुलांनो, तो इतका सोपा नव्हता. वादळाच्या आधीपासूनच गाव आटत चाललं होतं. यंत्रं मोठी झाली, शेतावर माणसं कमी लागू लागली. मुलं शिकायला शहरात जायची आणि तिकडचीच व्हायची. गावात म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांची घरं जुनी, स्वस्तातली. विम्याचे जे पैसे येणार त्यांत नवं घर होणार नव्हतं. सत्तरी-पंच्याहत्तरीला कर्ज काढून घर बांधायचं का? की शेजारच्या गावात मुलीकडे जाऊन राहायचं? बरेच जण निघून गेले. त्यांना भित्रे म्हणायचं का? मुळीच नाही. त्यांच्या जागी आपले आजी-आजोबा असते तर आपण त्यांना काय सांगितलं असतं, याचा विचार करून बघा.

आणि तरुण आई-बाप काय विचारत होते? ते विचारत होते, 'शाळा कधी सुरू होणार?' त्यांच्या दृष्टीनं सगळं या एका गोष्टीवर होतं. ऑगस्टमध्ये शाळा नसेल तर मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत घालावं लागेल. तिथे घर भाड्यानं घ्यावं लागेल. मुलं तिकडे रुळली की मग परत कोण येतंय? कुटुंबं नाहीत तर दुकान कुणासाठी उघडायचं? दुकान नाही, दवाखाना नाही, तर म्हातारे कसे राहणार? बघा, एक विटा काढली की सगळी भिंत कशी येते!

म्हणून शाळेच्या माणसांनी वादळानंतर लगेचच ठरवून टाकलं, की शाळा ऑगस्टमध्ये याच गावात भरणार. इमारत नव्हती, बाकं नव्हती, पुस्तकं नव्हती. पण शब्द दिला आणि तो पाळला. ऑगस्ट २००७ मध्ये चाकांवरच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये वर्ग भरले. घरं गेलेली कुटुंबंही गावाबाहेर अशाच सरकारी खोल्यांत राहत होती. आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी खात्याच्या नावावरून लोकांनी त्या वसाहतीला 'फेमाव्हिल' असं नाव ठेवलं होतं. एकाच ठिकाणी खेटून राहायची त्यांना सवय कुठे होती? पण मुलांना दारातून बाहेर पाऊल टाकलं की मित्र भेटायचे, त्यांची चंगळ झाली.

त्या उन्हाळ्यात गावात एक मोठा तंबू ठोकला होता. गाव कसं बांधायचं याच्या सभा त्या तंबूत व्हायच्या. शेकडो माणसं जमायची. तिथे एक कल्पना निघाली. सगळं नव्यानंच बांधायचं आहे, तर असं बांधू की वीज कमी लागेल, पाणी वाया जाणार नाही, थंडी-उन्हाळ्याला घर तोंड देईल. नाव ग्रीन्सबर्ग आहेच, गावही 'ग्रीन' करू! काही शेतकऱ्यांना हे शहरी खूळ वाटलं. पण त्यांचे पणजोबा कसे राहत होते? मातीच्या ढेपांची घरं, पाणी उपसायला पवनचक्की, कुठलीच वस्तू टाकून द्यायची नाही. म्हणजे नवं असं त्यात फारसं नव्हतंच. शाळेतल्या मुलांनी हिरव्या गावासाठी क्लब काढला आणि मोठ्यांना माहिती सांगायला सुरुवात केली. मोठ्यांनी ती ऐकलीसुद्धा.

इमारत पर्यावरणाला किती जपते हे मोजण्याची 'लीड' नावाची एक पद्धत आहे. तिच्यातला सगळ्यात वरचा दर्जा म्हणजे प्लॅटिनम. गावच्या नगर परिषदेनं ठराव केला, की चार हजार चौरस फुटांपेक्षा मोठी गावची प्रत्येक इमारत या दर्जाचीच बांधायची. एका कलाकेंद्राचा आराखडा तर कॅन्सस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केला आणि बांधलंही त्यांनीच. वादळाच्या तारखेची आठवण म्हणून त्याचं नाव ठेवलं '५.४.७'. (अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर!) गावाबाहेर दहा मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची ताकद साडेबारा मेगावॉट. ज्या वाऱ्यानं गाव उचलून नेलं, त्याच वाऱ्याला त्यांनी विजेच्या कामाला जुंपलं!

४ मे २००८ ला, वादळाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या समारंभाला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश स्वतः आले. २०१० मध्ये शाळेची नवी इमारत तयार झाली. बालवर्गापासून बारावीपर्यंतची सगळी मुलं एकाच छपराखाली, मोठ्या खिडक्यांतून आत येणाऱ्या भरपूर उजेडात. २०१२ मध्ये विहिरीभोवती नवं संग्रहालय झालं. आणि ती उल्का? ती वादळात हरवली अशी सगळ्यांना भीती होती. ती ढिगाऱ्याखाली सापडली! आकाशातून आलेल्या पाहुणीला वादळ काय करणार?

इथे गोष्ट संपवली तर ती छान गोड होईल. पण मी तुम्हाला पुरतं खरं सांगणार आहे. २०१० च्या जनगणनेत ग्रीन्सबर्गमध्ये ७७७ माणसं होती. २०२० मध्ये ७४०. म्हणजे वादळाआधीच्या निम्मीसुद्धा नाहीत. नव्या सुंदर रस्त्यांवर काही जागा मोकळ्याच राहिल्या. गेलेले सगळे परत आले नाहीत.

मग ही हार की जीत? यावर तुमच्या वर्गात वादविवाद होऊ शकेल. एक बाजू म्हणेल, एवढा खर्च केला आणि माणसं निम्मी, काय उपयोग? दुसरी बाजू म्हणेल, त्या तंबूत लोक जमले नसते, तर आज ७४० च्या जागी नुसती एक विहीर आणि एक कोठार उरलं असतं. मला दुसरी बाजू पटते. तिथे आजही सकाळी पिवळी बस येते, वर्ग भरतात, फुटबॉलचे सामने होतात. आठ जणांचा खेळ खेळणाऱ्यांना कमी माणसांत डाव कसा मांडायचा ते ठाऊक असतं. पण तुम्हाला पहिली बाजू पटली तर खुशाल तसं म्हणा, फक्त कारण सांगा.

पालकांनाही दोन शब्द. शाळा म्हणजे फक्त मुलांच्या शिक्षणाची जागा असं आपण समजतो. ग्रीन्सबर्गच्या लोकांना मात्र घर बांधण्याआधी शाळेचा दिवस ठरवावा लागला, कारण शाळा गेली असती तर बाकीचं टिकलं नसतं. आपल्या गावच्या, आपल्या वस्तीतल्या शाळेकडे या नजरेनं एकदा पाहा. तिथे पालकसभा असते तेव्हा जात जा. आणि घरात आणीबाणीची वेळ आली, आग लागली, भूकंप झाला, पूर आला, तर कुणी कुठे जमायचं हे मुलांबरोबर बसून आजच ठरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. एक कागद घ्या. तुमच्या गावातल्या किंवा वस्तीतल्या अशा पाच गोष्टी लिहा, की ज्या नाहीशा झाल्या तर गाव गाव राहणार नाही. इमारतीच हव्यात असं नाही. पार चालेल, नळावरची रांग चालेल, गणपतीचा मांडव चालेल, सगळ्यांना नावानं हाक मारणारे पोस्टमनकाकाही चालतील. मग हाच प्रश्न घरात आजीला किंवा आजोबांना विचारा आणि त्यांची यादी शेजारी लिहा. दोन्ही याद्यांत कोणती गोष्ट सारखी आली? आजीच्या यादीतली कोणती गोष्ट आता उरलेलीच नाही? ती कशामुळे गेली, हे विचारायला विसरू नका. तुमच्या याद्या आमच्याकडे जरूर पाठवा. चांगल्या याद्या आपण याच पानावर छापू.

आणि हो, शाळेत कधी आगीची किंवा भूकंपाची कवायत झाली, तर उगाच खिदळू नका. कंटाळा आला तरी नीट करा. का ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात!